काठी कोणावर उगारायची?

२१ जुलै २०२५ च्या संध्याकाळी माझ्या एका जुन्या स्नेह्यांचा दूरध्वनी आला. बोरिवलीहून सकाळच्या एकाच लोकलने आम्ही वर्षानुवर्षे फोर्टात नोकरीला गेलो. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या गाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात बॉम्बस्फोट झाले, त्यांत त्यांचा धाकटा मेहुणा गेला. एकशे ऐंशीहून अधिक माणसे त्या संध्याकाळी घरी परतली नाहीत, त्यांतला तो एक. आणि आता, एकोणीस वर्षांनंतर, मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यात शिक्षा झालेल्या सर्व बारा जणांना निर्दोष ठरवले होते. माझे स्नेही चिडले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "हे नव्हते, तर आमच्या माणसाला मारले कोणी?"

मला उत्तर देता आले नाही. पण त्या प्रश्नाने मनात घर केले.

दहशतवादी हल्ल्यांविरुद्ध लोकशाही राष्ट्राला स्वसंरक्षणाचा हक्क आहे की नाही, यावर आपल्याकडे पुष्कळ चर्चा झडते. खरे पाहता त्यात वादाला जागाच नाही. ज्या शासनाला आपल्या माणसांचे रक्षण करता येत नाही, त्याने कर कोणत्या तोंडाने मागावा? साध्या नागरिकालाही कायद्याने हा हक्क दिला आहे. भारतीय दंडविधानाच्या कलम ९६ ते १०६ मध्ये तो सांगितला होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो कायम ठेवला आहे. रात्री घरात चोर शिरला तर आपण काठी उगारू शकतो. मात्र त्याच कायद्याने मर्यादाही घातली आहे : बचावाला लागेल तेवढेच बळ वापरायचे. आणि काठी चोरावर उगारायची. चोर मागच्या दाराने पळाला म्हणून शेजाऱ्याच्या डोक्यात ती घातली, तर त्याला कोणी स्वसंरक्षण म्हणणार नाही. शेजारी जखमी होतो, चोर मोकळा राहतो आणि घर पूर्वीइतकेच उघडे राहते.

मुंबईने गेल्या तीन दशकांत या प्रश्नाची जी किंमत मोजली, ती देशात फार थोड्या शहरांनी मोजली असेल. तेव्हा पुस्तकी चर्चा बाजूला ठेवून याच शहराचे तीन अनुभव पाहू.

पहिला १२ मार्च १९९३ चा. शुक्रवार होता. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत स्फोट झाला, तेव्हा आमच्या कचेरीच्या काचा थरथरल्या. मग एकामागून एक बातम्या येत गेल्या. त्या दिवशी २५७ माणसे मेली. देशात तेव्हा 'टाडा' हा अत्यंत कडक कायदा लागू होता. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत होता, जामीन मिळणे महाकठीण होते. तरीही आरडीएक्स रायगड जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि रस्त्याने मुंबईत आले. कसे आले? पुढे न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले, त्यांत सीमाशुल्क खात्याचे अधिकारी होते, पोलीसही होते. याचा अर्थ कायदा अपुरा पडला नव्हता. पहारेकरीच विकला गेला होता. घराला लोखंडी दार बसवावे आणि किल्ली मात्र लाच खाणाऱ्याच्या हाती द्यावी, तसा तो प्रकार झाला.

आणि त्या कडक कायद्याचे पुढे काय झाले? देशभर हजारो माणसे 'टाडा'खाली गजाआड गेली, त्या मानाने दोषी ठरलेल्यांची संख्या अगदीच थोडी भरली. १९९५ मध्ये तो कायदा मुदत न वाढवता संपू दिला गेला. २००२ मध्ये 'पोटा' आला, तोही २००४ मध्ये रद्द झाला.

दुसरा अनुभव २००६ चा. त्या संध्याकाळी मी दादरला अडकलो होतो. दूरध्वनी लागत नव्हते. रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसे घरातल्या चादरी आणून जखमींना उचलत होती. शहर आपल्या परीने उभे राहिले. शासनाने मात्र काय केले? काही महिन्यांत आरोपी पकडल्याचे जाहीर झाले आणि आपण सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला, हे कबूल केले पाहिजे. आरोपी खरे की खोटे, हे विचारावेसे मला तेव्हा वाटले नाही. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने हे सगळे रद्द केले. कबुलीजबाब छळ करून घेतले गेले असे न्यायालयाने मानले, ओळखपरेड सदोष ठरवली, आणि वापरलेले बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते हेसुद्धा सरकार पक्षाला शाबीत करता आले नाही, असे म्हटले. या बारांपैकी एक जण निकालाआधीच, २०२१ मध्ये, तुरुंगात मरण पावला होता. राज्य शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असा आदेश त्या न्यायालयाने तीनच दिवसांत दिला, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

या निकालाकडे कोणी कसेही पाहो, हिशेब एकच उरतो. हे बारा निरपराध असतील, तर त्यांच्या आयुष्याची एकोणीस वर्षे गेली आणि खरे गुन्हेगार तेवढीच वर्षे निर्धास्त राहिले. आणि ते अपराधी असतील, तर तपास इतका कच्चा झाला की अपराध्यांना सोडून द्यावे लागले. दोन्ही परीने हरले ते माझे स्नेही, आणि रोज लोकलने जाणारे तुम्ही-आम्ही.

तिसरा अनुभव २६ नोव्हेंबर २००८ चा. समुद्रमार्गे आलेल्या दहा जणांनी १६६ माणसांचे प्राण घेतले. किनाऱ्याचा पहारा पुन्हा एकदा तोकडा पडला, हे खरेच. पण गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी हातांनी धरली. हाती काठीशिवाय शस्त्र नव्हते. गोळ्या अंगावर घेतल्या, पण नळी सोडली नाही. म्हणून कसाब जिवंत सापडला. आर्थर रोड तुरुंगातील विशेष न्यायालयात न्यायमूर्ती ताहलियानी यांच्यापुढे खटला चालला. सहाशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्या घेऊन साक्षीला आली. कसाबला शासनाच्या खर्चाने वकील दिला गेला, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. पण मे २०१० मध्ये विशेष न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयात टिकली, सर्वोच्च न्यायालयातही टिकली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात तिची अंमलबजावणी झाली. त्याच खटल्यात दोघे भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि तिन्ही न्यायालयांत सुटलेलेच राहिले.

या खटल्याचा आणखी एक लाभ झाला, तो सहसा ध्यानात घेतला जात नाही. कसाब आपला नव्हेच, असे आधी म्हणणाऱ्या पाकिस्तानला जानेवारी २००९ मध्ये तो आपला नागरिक असल्याचे मान्य करावे लागले. जिवंत आरोपी आणि पडताळून पाहता येईल असा पुरावा असल्यामुळेच ते घडले.

सीमेपलीकडच्या कारवाईलाही हेच लागू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम ५१ सशस्त्र हल्ला झालेल्या राष्ट्राला स्वसंरक्षणाचा हक्क देते. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला २६ जणांना मारण्यात आले, त्यांत सहा जण महाराष्ट्राचे होते. त्यानंतर ७ मे रोजी भारताने पाकिस्तानात आणि पाकव्याप्त काश्मिरात नऊ ठिकाणी हल्ले केले. असा हक्क राष्ट्राने बजावू नये, असे मी म्हणणार नाही. पण त्या हक्काचे वजन जगापुढे ठरते ते आपण मांडलेल्या पुराव्यावर आणि मारा नेमका कोणावर केला यावर.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : "दहशतवादी नियम पाळत नाहीत, मग आपणच का पाळायचे?" हा प्रश्न रागाचा आहे आणि राग रास्त आहे. पण नियम आपण दहशतवाद्यासाठी पाळत नाही. योग्य माणूस हाती लागावा म्हणून पाळतो. मारझोडीने कबुली मिळते, सत्य मिळेलच असे नाही. आणि ज्या वस्तीतील निरपराध मुले उचलून नेली जातात, त्या वस्तीत पुढच्या वेळी संशयास्पद माणूस दिसला, तर पोलीस चौकीवर सांगायला कोण जाईल?

म्हणून माझे म्हणणे इतकेच की, प्रत्येक स्फोटानंतर नव्या कायद्याची मागणी करण्याआधी आपण वेगळे प्रश्न विचारावेत. किनाऱ्यावरच्या गस्ती बोटींना इंधन आणि माणसे आहेत का? न्यायवैद्यक प्रयोगशाळेत नमुने किती काळ पडून राहतात? साक्षीदाराला संरक्षण मिळते का? ओंबळेंसारख्या शिपायाच्या हाती आज काय आहे? या प्रश्नांवर मोर्चे निघत नाहीत, पण घराचे रक्षण यांच्याच उत्तरांवर अवलंबून आहे.

परवा ते स्नेही बोरिवली स्थानकावर भेटले. आता आम्ही दोघेही निवृत्त. त्यांनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. गाडी आली, ते चढले आणि सवयीने आधी बाकाखाली वाकून पाहिले. दुसऱ्याच्या हातून काठी चुकीच्या डोक्यावर पडली की आपल्या घरातला माणूस असाच आयुष्यभर बाकाखाली पाहत राहतो.