समूहवैद्यक आणि डॉक्टरांचे स्वातंत्र्य

स्वतःचा दवाखाना सोडून जो डॉक्टर एकत्र काम करणाऱ्या डॉक्टरांच्या समूहात जातो तो कष्टांना कंटाळलेला असतो आणि नियमित मुशाहिऱ्यासाठी आपले स्वातंत्र्य गहाण टाकतो, अशी जी तक्रार व्यवसायबंधूंकडूनच वारंवार ऐकू येते, ती तपासून पाहिली असता टिकत नाही. एकट्याने व्यवसाय करणारा डॉक्टर स्वतंत्र असतो खरा. परंतु जागेचे भाडे आणि यंत्रांच्या कर्जाचे हप्ते या सावकारांपुढे त्या स्वातंत्र्याला दररोज हजेरी द्यावी लागते. रोगी तज्ज्ञाकडे पाठवावा तर उत्पन्न जाते आणि न पाठवावा तर त्याचा जीव धोक्यात येतो, अशा पेचात सज्जनाचीही परीक्षा होते. आणि आपल्याकडे ज्याला ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात तो, रोगी पाठवण्याबद्दल दलाली घेण्याचा, अनाचार याच पेचात पोसला जातो.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, रॉचेस्टर येथे, डॉक्टर मेयो बंधूंनी या पेचाच्या मुळालाच हात घातला. 1919 मध्ये त्यांनी आपल्या वैद्यकीय संस्थेची मालमत्ता विश्वस्त मंडळाच्या हवाली केली, आणि तेथील डॉक्टर आजही ठरीव वेतनावर काम करतात. शस्त्रक्रिया अधिक केल्या म्हणून ते वाढत नाही. मेयो बंधूंचे सहकारी डॉक्टर हेन्री प्लमर यांनी 1907 मध्ये बसवलेली दप्तराची व्यवस्था तर मला तेथील कोणत्याही शस्त्रक्रियेहून थोर वाटते. तोवर प्रत्येक डॉक्टर आपापल्या खातेवहीत टिपणे लिहीत असे; प्लमर यांनी प्रत्येक रोग्याला एक क्रमांक व एक पाकीट दिले, आणि ज्याने ज्याने त्याला तपासले त्या प्रत्येकाचे टिपण त्या एकाच पाकिटात येऊ लागले. आपले निदान उद्या सहकाऱ्याच्या नजरेखालून जाणार, हे ठाऊक असलेला डॉक्टर जपून लिहितो, आणि चुकलाच तर वेळीच सावरला जातो. चांगल्या डॉक्टराला समूहाकडे ओढणारे खरे बळ हेच. रात्रीची जाग वाटून घेता येते हा लाभ गौण. तरी त्याची लाज वाटण्याचे कारण नाही.

समूहवैद्यकाच्या विरोधकांच्या स्वातंत्र्यप्रेमाची कसोटी वॉशिंग्टनला लागली. 1937 मध्ये तेथील सरकारी नोकरांनी आपल्या सहकारी आरोग्यसंस्थेसाठी पगारी डॉक्टर नेमले, तेव्हा वैद्यक संघटनांनी त्या डॉक्टरांना रुग्णालयांचे दरवाजे बंद करण्याची खटपट केली. प्रकरण फौजदारीत गेले, आणि 1943 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकन मेडिकल असोसिएशनची दोषसिद्धी कायम केली.

एक हरकत मात्र मला मान्य आहे. जेथे मालकी भांडवलदाराची असते आणि डॉक्टरापुढे दरमहा तपासण्यांचे ‘टार्गेट’ ठेवलेले असते, तेथे जुना पेच अधिक क्रूर होऊन परत येतो. म्हणून समूहात शिरणाऱ्या तरुण डॉक्टराने वेतन किती हे विचारण्यापूर्वी ते कशावर ठरते, आणि संस्थेचा कारभार कोणाच्या हाती आहे, याची चौकशी करावी.