लस टोचूनही डुकरं का खोकतात?

२००६ मध्ये चीनमधल्या डुकरांना अचानक जोराचा ताप येऊ लागला. २० लाखांहून अधिक डुकरं आजारी पडली, सुमारे ४ लाख दगावली. मुख्य दोषी निघाला पीआरआरएस हा विषाणू. काही डुकरांचे कान निळसर पडतात, म्हणून या आजाराला ‘ब्लू इअर’ही म्हणतात. भारतात तो २०१३ मध्ये मिझोराममध्ये पहिल्यांदा आढळला. माणसाला तो होत नाही.

फुफ्फुसात शिरलेले जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, त्यांना मॅक्रोफेज म्हणतात. पीआरआरएस नेमका त्यांच्यातच वाढतो आणि त्यांना मारतो. म्हणजे चोराने आधी रखवालदारालाच गाठलं! मग एरवी नाकात गप्प बसलेले जीवाणूही खाली उतरतात.

मायकोप्लाझ्मा या जीवाणूची तऱ्हा वेगळी. श्वासनलिकेतली घाण बाहेर ढकलणारे सूक्ष्म केस तो निकामी करतो. हे दोघे एकत्र आले की न्यूमोनिया जास्त तीव्र होतो आणि लांबतो. प्रतिकारशक्ती तेव्हा झोपलेली नसते बरं का. दाह वाढवणारी रसायनं उलट जास्त सुटतात आणि त्यात फुफ्फुसाचंच नुकसान होतं.

खरी अडचण पुढे आहे. पीआरआरएसची लागण झालेल्या डुकरांवर मायकोप्लाझ्माची लस कमी प्रभावी ठरते, असं प्रयोगांत दिसलंय. त्यामुळे लस ‘फेल’ गेली म्हणण्याआधी कळपात दुसरा कोणता जंतू आहे का, हे तपासावं लागतं. दोन-चार डुकरांवर घर चालवणाऱ्यासाठी हा खर्च लसीपेक्षा जड आहे.