विश्लेषण : रेशनच्या गव्हातील सेलेनियमचा आकडा किती विश्वासार्ह? प्रयोगशाळांची आंतरराष्ट्रीय मान्यता काय सांगते?

बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत डिसेंबर २०२४च्या अखेरीस अचानक केसगळती सुरू झाली. काहींना अवघ्या काही दिवसांत टक्कल पडले. संशय आधी पाण्यावर, नंतर रेशनच्या गव्हावर गेला. दोन्ही वेळा भिस्त होती ती प्रयोगशाळेच्या अहवालावर.

गव्हात काय आढळले?

डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपासून घेतलेल्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आढळले. गहू धुतल्यावरही ते १३.६१ होते. सर्वसाधारण प्रमाण १.९ मिलिग्रॅम धरले, तर हे साडेसात पटींहून अधिक. बातम्यांत गाजलेले ‘६०० पट’ हे स्थानिक गव्हाच्या तुलनेत होते. आकडा कशाशी ताडला, हे म्हणूनच महत्त्वाचे.

‘एनएबीएल’ मान्यता म्हणजे काय?

‘आयएसओ/आयईसी १७०२५’ या मानकानुसार परीक्षण आणि अंशशोधन प्रयोगशाळा तपासून ‘एनएबीएल’ त्यांना मान्यता देते. उपकरणांचे अंशशोधन प्रमाणित मानकांशी जोडलेले आहे का, मोजमापातील अनिश्चितता किती, इतर प्रयोगशाळांशी निष्कर्ष जुळतात का, हे पाहिले जाते.

परदेशात अहवाल कसा चालतो?

‘आयलॅक’ या जागतिक संघटनेचा परस्पर मान्यता करार २००० मध्ये झाला. त्यात सहभागी मान्यता संस्था एकमेकींचे मूल्यमापन करतात. भारताची ‘एनएबीएल’ही त्यात आहे. त्यामुळे येथील अहवाल पुन्हा चाचणी न करता स्वीकारणे इतर देशांना सोपे जाते. मात्र फेरतपासणीचा अधिकार त्यांच्याकडे राहतोच.

मर्यादा कोणत्या?

मान्यता सरसकट नसते. ती ठरावीक पदार्थ, घटक आणि चाचणी पद्धतीपुरती असते. पाण्यातील नायट्रेटसाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा गव्हातील सेलेनियमसाठी मान्य असेलच असे नाही. शिवाय जे तपासलेच नाही, ते अहवालात येत नाही. २०१० मध्ये महाराष्ट्राची द्राक्षे युरोपात क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे अडकली. निर्यातपूर्व तपासणीच्या यादीत हा घटकच नव्हता.

बुलढाण्यासाठी याचा अर्थ काय?

पंजाबच्या होशियारपूर, नवांशहर पट्ट्यातील काही जमिनींत सेलेनियम जास्त असल्याचे पूर्वीच नोंदले गेले आहे. धान्य एका राज्यातले आणि रुग्ण दुसऱ्या राज्यातले असतील, तर दोघांनाही नाकारता येणार नाही असा अहवाल लागतो. मान्यता आकड्याला वजन देते, कारण सिद्ध करत नाही. त्यासाठी गहू, माती आणि रुग्णांचे रक्त यांची सांगड घालावी लागते. त्यामुळे अहवाल हाती आला की केवळ ‘एनएबीएल’चे चिन्ह पाहून थांबू नये, तपासलेला घटक त्या प्रयोगशाळेच्या मान्य कार्यक्षेत्रात आहे का, हेही पाहावे.