कासवाचे छायाचित्र आणि पापलेटाचा भाव

सोमवारी सकाळी चहाबरोबर पुणेकरांच्या हाती जे वृत्तपत्र पडते, त्याच्या आतल्या पानावर आदल्या दिवशीच्या बाजारभावांचा रकाना असतो. भाजीपाला, फुले, फळे यांच्या खाली गणेश पेठेतील मासळी. खोल समुद्रातील मासळीची आवक इतके टन, खाडीच्या मासळीची इतके किलो; मग भाव. पापलेट : कढई, मोठे, मध्यम, लहान. त्यापुढे सुरमई, रावस, हलवा, करली, ओले बोंबील, कोळंबी. आणि फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत याच वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर एखादे सुंदर छायाचित्र हमखास झळकते : वेळासच्या नाहीतर गुहागरच्या पुळणीवरून समुद्राकडे निघालेली कासवाची इवलीशी पिल्ले. छायाचित्र पाहून मुले हरखतात. भाव पाहून वडीलधारी मंडळी पिशवी उचलतात. ही दोन्ही पाने एकाच समुद्राविषयी आहेत, हे मात्र मुलांना कोणी सांगत नाही आणि वडीलधाऱ्यांनाही नाही. आमची तक्रार आहे ती एवढीच.

समुद्राविषयी लिहिले जात नाही, दाखवले जात नाही, असे आम्ही म्हणत नाही. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये बिल्ला लावलेली एक ऑलिव्ह रिडले मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना आढळली, तेव्हा तिच्या साडेतीन हजार किलोमीटरच्या प्रवासाची बातमी घरोघर पोहोचली. ती पोहोचलीच पाहिजे होती. परंतु कासव फुप्फुसांनी श्वास घेते, कोळंबीसाठी तळाशी ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात ते अडकले तर गुदमरून मरते, आणि त्याला निसटता यावे म्हणून जाळ्यात बसवायची सुटकेची चौकट आपल्याकडे सर्रास वापरली जात नाही, या गोष्टी त्या बातमीच्या शेजारी आम्हांला वाचायला मिळाल्या नाहीत. अमेरिकेने २०१९ मध्ये आपल्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात नेमक्या याच कारणासाठी थांबवली. ती बातमी आली, पण व्यापाराच्या पानावर. पहिल्या पानावर कासव, आतल्या पानावर कोळंबी, आणि दोहोंच्या मध्ये बारा पानांची भिंत!

चित्रपटांनी तर ही भिंत फार पूर्वीच बांधली. १९७५ साली ‘जॉज’ हा चित्रपट आला आणि शार्क म्हणजे मनुष्यभक्षक राक्षस ही समजूत जगभर रुजली. शार्कच्या हल्ल्यांत साऱ्या जगात वर्षाकाठी दगावणारी माणसे एरवी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. उलट माणसाच्या हातून मरणाऱ्या शार्कांची संख्या वर्षाला सुमारे दहा कोटी असावी, असा अंदाज शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडला. ज्यांच्या कादंबरीवरून तो चित्रपट निघाला, त्या पीटर बेंचली यांना आपल्या लेखनाचा पुढे पश्चात्ताप झाला आणि आयुष्याची उत्तरार्धातील वर्षे त्यांनी शार्कच्या रक्षणासाठी वेचली. आपल्याकडची गंमत निराळीच आहे. पडद्यावरच्या शार्कला पाहून ज्यांची बोबडी वळते, तेच लोक रविवारी मोरीचे कालवण मिटक्या मारीत खातात. मोरी किंवा मुशी म्हणजे शार्कच, हे त्यांच्या गावीही नसते. पडद्यावर तो भक्षक, ताटात तो नुसता मासा!

यावर कोणी म्हणेल, की प्रसारमाध्यमांचे काम रंजनाचे. त्यांच्याकडून एवढी अपेक्षा कशाला? आम्हांला हे मान्य नाही, कारण याहून चांगले झालेले आम्ही पाहिले आहे. माइक पांडे यांनी २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ हा माहितीपट काढला. देवमाशाएवढा अजस्र पण निरुपद्रवी असा व्हेल शार्क गुजरातच्या किनाऱ्यावर कसा मारला जातो, हे त्यात त्यांनी दाखवले. नुसते निळ्या पाण्यात डुलणारे जनावर दाखवून ते थांबले नाहीत. त्यांचा कॅमेरा किनाऱ्यावरच्या कत्तलीपर्यंत गेला. २००१ मध्ये त्या माशाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले, आणि जे कोळी त्याची शिकार करीत, तेच पुढे आपली जाळी कापून त्याला सोडून देऊ लागले. प्राण्याबरोबर माणसाचा हातही दाखवला, तर चित्र किती काम करते याचा हा दाखला.

वेळासचेच पाहा. नाना फडणविसांचे हे गाव. एके काळी तेथे कासवाची अंडी सर्रास उचलून नेली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्गमित्र’ संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना हाताशी धरले, आणि अंडी नेणारे गाव अंडी राखणारे झाले. पुण्याहून गाड्या भरभरून लोक तेथे पिल्ले पाहायला जातात. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्याच दिग्दर्शकांनी ‘कासव’ चित्रपट काढला. त्याला २०१७ मध्ये सुवर्णकमळ जाहीर झाले. चित्रपट उत्तम आहे. पण तो पाहून बाहेर पडलेले आम्ही माणसाच्या मनाविषयी पुष्कळ बोललो. किनाऱ्याविषयी फारच थोडे. हा दोष चित्रपटाचा नव्हे, आमचा. कासव आम्हांला प्रतीक म्हणून प्रिय आहे. प्रतीकासाठी ताटातले काही सोडावे लागत नाही!

आता त्या रकान्यातील ‘लहान’ या शब्दाकडे वळू. २०२३ च्या सप्टेंबरात पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस शासनाने पन्नासहून अधिक जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. पापलेटाची मर्यादा साडेतेरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहूनही कमी. याहून लहान पापलेट धरू नये. आमच्या परिचयातील मंडळींना आम्ही विचारले, तेव्हा राज्यमासा बहुतेकांना ठाऊक होता. साडेतेरा सेंटिमीटर एकालाही नाही. मान कळला, मर्यादा कळली नाही. १९६२ ते १९७६ या काळात राज्याच्या किनाऱ्यावर वर्षाला सरासरी सुमारे आठ हजार टन पापलेट उतरत असे. २०१० ते २०१८ या काळात ते जवळजवळ निम्म्यावर आले. हे आकडे पापलेटाच्या भावाशेजारी छापले, तर भाव का चढला याचा उलगडा वाचकाला आपोआप होईल.

कोवळे पापलेट धरतो कोण? येथे आम्हांला स्वतःच्याच घरात पाहावे लागते. भरती-ओहोटीच्या ओढीत रोवून ठेवलेले डोल जाळे बोंबील आणि जवळ्यासाठी असते; त्याची आस बारीक, म्हणून पापलेटाची पिल्लेही त्यात येतात. वसई-उत्तनच्या आमच्या कित्येक नातलगांचा चरितार्थ याच जाळ्यावर चालत आला आहे. त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून आम्ही पुण्यात हात झटकावे, हा न्याय नव्हे. किनाऱ्यालगत पर्सेसीनचे प्रचंड जाळे टाकणाऱ्यांना आणि दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करणाऱ्यांना ते आमच्याआधी जाब विचारीत आले आहेत. शिवाय पिल्लाला गिऱ्हाईक आहे म्हणूनच ते बाजारात येते. खाणावळीच्या थाळीत अख्खे पापलेट मावावे म्हणून ते लहान हवे; आमच्या तव्यावर मावावे म्हणूनही लहानच हवे. ज्या घराला मोठे पापलेट परवडत नाही, त्याच्याविषयी आमचे काही म्हणणे नाही. पण त्या घरासाठी बांगडा आहे, बोंबील आहे. आमच्यापैकी पुष्कळजण परवडत असूनही लहानच घेतात.

प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी मांस वर्ज्य म्हणून आमच्या घरांतून मासळीची मागणी वाढते. त्यागाच्या दिवशी समुद्राची पिल्ले तव्यावर टाकायची, यात त्याग कोणी केला? योहानाच्या शुभवर्तमानात पेत्राने किनाऱ्यावर ओढून आणलेल्या जाळ्यात एकशे त्रेपन्न मासे होते, आणि ते मोठे होते, असे आवर्जून सांगितले आहे. मासे मोजणारा आणि त्यांचा आकार पाहणारा तो बातमीदार आम्हांला आजच्या पुष्कळ बातमीदारांपेक्षा अधिक चोख वाटतो.

म्हणून पुण्यातील संपादकांना आमचे मागणे साधे आहे. कासवाचे छायाचित्र अवश्य छापा; त्याखाली जाळ्याविषयी दोन ओळी घाला. भावाच्या रकान्यात ‘पापलेट, लहान’ असे लिहाल तेथे कंसात साडेतेरा सेंटिमीटर लिहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद का असते, हे दरवर्षी त्या महिन्यांत सांगा. आणि वाचकहो, संपादक हे करीपर्यंत आपण थांबू नये. रविवारच्या मिस्सानंतर शिवाजी मार्केटात जाल, तेव्हा मुलांना बरोबर न्या, त्यांच्या दप्तरातील पट्टीही न्या. कोळीणबाई हसेल, हसू द्या. साडेतेराच्या आतले पापलेट तिच्या पाटीतच राहू द्या आणि का ठेवले ते तिला सांगा. ते कारण तिला बहुधा आपल्याआधीच ठाऊक असेल.