मुलाच्या हातात गळ द्या आणि जरा गप्प बसा

"अभ्यास केला नाहीस तर जन्मभर मासे मारत बसशील!" हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकलंय, आणि काहींनी वर्गात उच्चारलंही असेल. रिकाम्या माणसाला आपण 'माशा मारतोय' म्हणतो आणि गळ टाकून बसलेल्या पोरालाही त्याच रांगेत बसवतो. कोकणातल्या शाळेत हे बोलणं जास्तच लागतं, कारण ज्याचं घर मासेमारीवर चालतं असं मूल समोरच्या बाकावर बसलेलं असतं.

माझं मत अगदी उलट आहे. आठ-दहा वर्षांच्या मुलाला एकदा तरी गळाने मासे धरायला न्यावं. ज्या घरात मासे खाल्ले जातात, तिथल्या मुलाला तर नक्कीच. वाट बघण्यातही मजा असते हे दाखवणाऱ्या गोष्टी मुलांच्या दिवसातून कमी होत चालल्या आहेत. मोबाईलला बोट लावलं की काहीतरी हलतं. मासा मात्र त्याच्या वेळेनेच येतो.

सामान फार लागत नाही. बांबूची सरळ काठी, तितक्याच लांबीचा तंगूस, एक बारीक गळ, वजनाला शिशाचा तुकडा आणि वर तरंगायला बूच किंवा ज्वारीच्या धांड्याचा तुकडा. आमिषाला गांडूळ, खाडीवर कोळंबीचा तुकडा. गांडूळ नको वाटत असेल तर कणकेची गोळी. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. मग तो माशाच्या तोंडातून सहज निघतो, आणि चुकून मुलाच्या बोटात गेला तरी फार इजा होत नाही.

पहिल्या दिवशी मोठ्या माशाच्या मागे लागू नका. तळ्यातली छोटी चिलापी किंवा खाडीतली मुडदुशी पुरे. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा आणि तासाभरात परत या. आणखी थोडा वेळ थांबायचा हट्ट मुलाने धरला, तर दिवस सार्थकी लागला असं समजा.

आता मुख्य मुद्दा. बूच थरथरतं, एकदा बुडतं, वर येतं. मूल घाईने काठी ओढतं. गळ रिकामा! इथे आपली जीभ वळवळते, "अरे, थोडं थांबायचं ना!" किंवा "आण इकडे, मी दाखवतो." कृपया हे टाळा. पाच वेळा आमिष जाऊ दे. सहाव्या वेळी ते आपोआप थांबतं, बूच पूर्ण खाली जाऊ देतं आणि मग ओढतं. तंगुसातून हाताला जो झटका बसतो, तो ज्याच्या हातात काठी असते त्यालाच कळतो. आपण काठी घेतली तर मासा आपला होतो, मूल फक्त प्रेक्षक उरतं. वर्गातही आपण असंच करतो; मुलाच्या हातातला खडू घेऊन गणित आपणच पुरं करतो.

शिकायचं म्हटलं तर किती आहे! पाण्यातला मासा दिसतो त्याहून खोल असतो, हा प्रकाशाच्या अपवर्तनाचा धडा. कल्ले उघडून बघणं हा श्वसनाचा. खाडीवर गेलात तर तिथीला पाऊणने गुणायचा जुना हिशेब जरूर करून घ्या. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. भरती साधारण तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते आणि पाऊण तास 45 मिनिटांचा, म्हणून हे उत्तर अंदाजेच येतं. ते का, हे मुलांनाच शोधू दे. किनाऱ्यावरच्या मुलांना हा हिशेब बहुतेक वेळा आपल्यापेक्षा आधी माहीत असतो. त्या दिवशी गुरुजी त्यांना होऊ दे.

काही पालक विचारतात, "जीव मारायला शिकवायचं का?" प्रश्न योग्य आहे. ज्यांच्या घरात हे चालत नाही त्यांनी नेऊ नये, कोणी आग्रहही करू नये. पण ताटात तळलेली तुकडी आवडीने खाणाऱ्या मुलाला ती कुठून येते हे कळायला हवं. धरलेला मासा तडफडत ठेवू नये. खायचा असेल तर मोठ्या माणसाने तो लगेच मारावा. छोटा असेल तर हात ओले करून धरावा आणि पाण्यात सोडावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच थर त्याचं रक्षण करतो. आपण धरलेला मासा आपल्याच हाताने सोडताना मुलाचा चेहरा बघा.

म्हणूनच सुरुवात चढणीच्या माशांपासून करू नये. पहिल्या पावसात मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढतात आणि गावंच्या गावं त्यांच्यावर तुटून पडतात. त्यात उत्साह आहे, कबूल. पण पोटात अंडी असलेला मासा ढिगाने धरायचा हा पहिला धडा नको. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते, त्यामागे खवळलेल्या समुद्राबरोबर माशांच्या प्रजननाचंही कारण आहे, हे मुलांना सांगा. दिवाळीनंतर पाणी निवळलं की जा.

सावधगिरीचं थोडक्यात. मूल आपल्या हाताच्या अंतरावर हवं. धरणाचे दरवाजे, शेवाळलेले दगड, खाडीचा खोल चिखल आणि डोक्यावरच्या विजेच्या तारा टाळा. गळ फेकण्याआधी मागे कोण आहे ते बघायला लावा. शिंगाळा लागला तर मुलाला हात लावू देऊ नका, त्याचा काटा फार ठणकतो. तळी बऱ्याचदा मच्छीमार संस्थांना ठेक्याने दिलेली असतात, तेव्हा आधी विचारा. तुटलेला तंगूस घरी आणा, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

आणि परत येताना "किती मिळाले?" हा प्रश्न नको. "काय काय बघितलंस?" असं विचारा. उत्तर ऐकायला वेळ हाताशी ठेवा, ते लांबतं.