बलिदान कुणी घेतलं?

शौर्य म्हटलं की आपल्याला तलवार आठवते. मला नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे आठवतात. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि त्याला विरोध करणाऱ्यांच्या हिंसेत मराठवाड्यात दलितांच्या वस्त्या पेटल्या. मातंग समाजातल्या पोचिरामांना जमावानं गाठलं. ‘जय भीम’ सोडायला ते तयार झाले नाहीत, म्हणून हालहाल करून त्यांचा जीव घेतला गेला. मरायची हौस कुणाला असते? त्यांनाही जगायचंच होतं, फक्त मान खाली घालून नव्हे. म्हणून ‘त्यांनी बलिदान दिलं’ एवढंच म्हणून थांबणं मला खटकतं. ते त्यांच्याकडून कुणी घेतलं, हेही त्याच दमात सांगायला हवं. नाहीतर हुतात्म्याचा गौरव करता करता मारणारे अलगद सुटतात. पुढे या नामांतरासाठी लाँग मार्च निघाला, माणसं तुरुंगात गेली, आणखी जीव गेले. विद्यापीठाच्या जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडणारा नामविस्तार झाला तो थेट १४ जानेवारी १९९४ रोजी. दरवर्षी त्या तारखेला छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जनसागर लोटतो. तिथल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात टेंभुर्णीची हकीकत, मारेकऱ्यांच्या जमावासकट, सांगितली गेली पाहिजे.