नऊ हजाराचा सेल

मुलांनो, आमच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गला मँगनीजची मोठी उघडी खाण आहे. 'मॉइल' या सरकारी कंपनीची. तिथलं मँगनीज डायऑक्साइड कुठे जातं, ठाऊक आहे? कोरड्या सेलच्या कारखान्यांत! भिंतीवरच्या घड्याळातल्या सेलमध्ये जी काळी भुकटी असते ना, ती मुख्यतः हीच, सोबत थोडा कार्बन. फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशेने १८६६ साली जस्ताशी तिची जोडी जमवली, ती अजून टिकून आहे. (सेल फोडून बघायचा नाही हं!)

आता टॉर्च मात्र चार्जिंगची आली. धानाच्या बांधीत रानडुकरं शिरतात, म्हणून रात्री जागलीला जाणाऱ्या बाबांच्या कपाळावर तीच असते. वर्ष-दोन वर्षांत तिचा सेल मान टाकतो. गावात तो मिळत नाही, मग मोबाइलवरून मागवायचा. परवा चौथीतला एक जण म्हणाला, "सर, थो दुकानातला २६०० चाच हाय अन् महाग. हा पाहा, ९९०० चा, अन् स्वस्त!"

थांबा. आधी सेलवरचा आकडा वाचू. '१८६५०' म्हणजे जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५ आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. एवढ्याशा नळकांड्यात वीज मावून मावून किती मावणार? नामवंत कंपन्यांचे बहुतेक सेल २००० ते ३६०० मिलीअँपिअर-तासांचे असतात. लिटरभराच्या कॅनमध्ये कुणी तीन लिटर दूध ओतून दाखवेल का? तो ९९०० चा आकडा नुसता कागदावरचा. त्याच्या भरवशावर बाबा जागलीला गेले, तर मध्यरात्रीच अंधार.

दुसरी फसगत मापाची. घड्याळातला साधा सेल आणि '१४५००' नावाचा चार्जिंगचा सेल दिसायला सारखेच. पण पहिला १.५ व्होल्टचा, दुसरा ३.७ चा! अदलाबदल झाली की घड्याळ बिघडलंच म्हणून समजा. म्हणून फोटो पाहून नव्हे, जुन्या सेलवरचा आकडा आणि व्होल्ट वहीत उतरवून मगच आईबाबांना मागवायला सांगा. चार्जिंगच्या सेलवर भारतीय मानक ब्युरोची खूण, 'आयएस १६०४६' आणि 'आर' ने सुरू होणारा नंबर हवा. तो नंबर 'बीआयएस केअर' अ‍ॅपवर तपासता येतो. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तेव्हा पावती जपून ठेवा.

जुना सेल फुगला असेल तर टोचू नका, चुलीत तर मुळीच टाकू नका, पेट घेतो. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. दुकानदाराला विचारा, घेतो का.

आता एक काम. गाडीच्या किल्लीत किंवा वजनकाट्यात चपटा 'सीआर २०३२' सेल असतो. त्यातही लिथियमच्या जोडीला मँगनीज डायऑक्साइडच! २० म्हणजे रुंदी. मग ३२ म्हणजे काय? मोठ्यांना सोबत घेऊन पट्टीने मोजा. आणि तो लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नका. गिळला तर लगेच दवाखाना गाठावा लागतो.